बेड्या तुटल्यानंतरचा वाद

देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा म्हणून गावोगाव समित्या नेमल्या जातात. वर्गणी गोळा होते, पाथरवट येतात, सुतार येतात आणि बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर एका शुभमुहूर्तावर शिखरावर कलश चढतो. महाप्रसादाच्या पंगती उठतात. त्यानंतरची पहिली सभा भरली की एक प्रश्न हमखास निघतो. कोणी म्हणतो, ज्या कार्यासाठी समिती नेमली ते सिद्धीस गेले, आता तिने विसर्जित व्हावे. दुसरा म्हणतो, कलश चढला खरा, पण अग्रशाळेचे छप्पर गळते आहे, तळीच्या पायऱ्या ढासळल्या आहेत, नंदादीपाची कायमची तरतूद झालेली नाही. मग कार्य संपले कसे? दोघेही प्रामाणिक असतात, दोघांनीही सारखेच कष्ट उपसलेले असतात. आणि तरीही त्या सभेनंतर ते वर्षानुवर्षे एकमेकांच्या दारी जात नाहीत.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सन १८६५ मध्ये गुलामगिरीचा अंत झाला तेव्हा नेमके हेच घडले. पण तेथे प्रश्न तळीच्या पायऱ्यांचा नव्हता. सुमारे ४० लक्ष माणसांचे पुढे काय व्हावयाचे, हा प्रश्न होता. दास्यविमोचनाच्या लढ्याचा इतिहास आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असतो. लिंकनचे नाव तर शाळेतल्या मुलालाही माहीत असते. परंतु बेड्या तुटल्यावर त्या तोडणाऱ्यांमध्ये जो कलह माजला, त्याची वार्ता सहसा कोणी सांगत नाही. ती सांगावी म्हणून हा लेख.

या कथेतील पहिला पुरुष म्हणजे विल्यम लॉइड गॅरिसन. धंद्याने मुद्रक. बोस्टन शहरात त्यांनी १ जानेवारी १८३१ रोजी ‘लिबरेटर’ नावाचे साप्ताहिक सुरू केले आणि गुलामांची मुक्तता क्रमाक्रमाने नव्हे, तर तत्काळ व बिनशर्त झाली पाहिजे, अशी मागणी मांडली. १८३३ च्या डिसेंबरात फिलाडेल्फिया येथे अमेरिकन दास्यविरोधक मंडळ स्थापन झाले, त्याच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदाही त्यांचाच. ज्या राज्यघटनेने गुलामगिरीला आश्रय दिला ती त्यांच्या मते पापाचा करार होती. १८५४ च्या स्वातंत्र्यदिनी भर सभेत त्यांनी तिची प्रत जाळली. अशा माणसाशी जुळवून घेणे सोपे नव्हते, आणि मंडळातही एकोपा असा फारसा कधी नव्हताच. मंडळाच्या कार्यकारी समितीवर एका स्त्रीला घ्यावे की नाही, या वादावरून १८४० मध्येच एक मोठा गट फुटून बाहेर पडला होता.

२१ ऑक्टोबर १८३५ चा एक प्रसंग सांगतो. त्या दिवशी बोस्टनमधील स्त्रियांच्या दास्यविरोधक सभेवर जमाव चालून गेला. त्याला हवा होता जॉर्ज टॉम्सन हा इंग्रज वक्ता. टॉम्सन तेथे नव्हते, म्हणून लोकांनी गॅरिसन यांनाच धरले आणि दोराने बांधून रस्त्यातून फरफटत नेले. एका श्रीमंत घराण्यातील तरुण वकील ते दृश्य पाहत उभा होता. त्याचे नाव वेंडेल फिलिप्स. दोन वर्षांतच त्याने वकिलीचा नाद सोडून या कार्याला वाहून घेतले, आणि पुढची पंचवीस वर्षे गॅरिसन यांची लेखणी व फिलिप्स यांची वाणी अशी जोडी अमेरिकेत गाजली.

जमावाच्या हातून निसटलेल्या त्या जॉर्ज टॉम्सन यांची आपल्याशीही थोडी ओळख आहे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत केले. त्यांची फिर्याद घेऊन रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदा वर्षे तेथे झगडत राहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागीदारांच्या सभेत साताऱ्याच्या बाजूने जे थोडे इंग्रज बोलले, त्यांत टॉम्सन अग्रभागी होते. बोस्टनच्या गुलामांसाठी दगड खाणारा आणि साताऱ्याच्या गादीसाठी भांडणारा माणूस एकच, हे वाचून आनंद होतो. गॅरिसन यांनी आपल्या थोरल्या मुलाचे नाव जॉर्ज टॉम्सन गॅरिसन असे ठेवले होते.

हा मुलगा यादवी युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांच्या एका पलटणीत अधिकारी झाला. १८६५ च्या एप्रिल महिन्यात, दक्षिणेचा पाडाव झाल्यावर, चार्ल्स्टन बंदरातील समटर किल्ल्यावर संयुक्त संस्थानांचे निशाण पुन्हा चढवण्याचा सोहळा झाला. सरकारने गॅरिसन यांना सन्माननीय पाहुणे म्हणून नेले. सोबत जॉर्ज टॉम्सनही होते. ज्या गावात पाऊल टाकले असते तर फाशीच झाली असती, त्या गावात मुक्त झालेल्या लोकांनी गॅरिसन यांचा जयजयकार केला. एक बाप आपल्या दोन मुलींना घेऊन पुढे आला आणि ही लेकरे आता माझी आहेत, अशा अर्थाचे बोलून त्याने त्यांच्या हाती फुले दिली. गुलामगिरीचा महान कैवारी कॅल्हून याची कबर त्याच गावात आहे. तिच्यावर हात ठेवून गॅरिसन म्हणाले की गुलामगिरी याहूनही खोल खड्ड्यात गेली. सोहळा १४ एप्रिलचा. त्याच रात्री वॉशिंग्टनमध्ये लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली.

चार्ल्स्टनची ती फुले ध्यानात ठेवल्याशिवाय पुढच्या महिन्यातील गॅरिसन समजत नाहीत. वय साठीला टेकलेले, पत्नी पक्षाघाताने आजारी, तीस वर्षे शिव्याशाप आणि उपासमार सोसलेली. आणि आता डोळ्यांदेखत फळ मिळालेले. मे महिन्यात न्यूयॉर्क येथे मंडळाची वार्षिक सभा भरली तेव्हा त्यांनी मंडळ बरखास्त करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांचे म्हणणे साधे होते. गुलामगिरीच उरली नाही, तर गुलामगिरीविरोधक मंडळ कशाला? आजवर आपण समाजापासून अलग होतो, कारण समाज आपल्या विरुद्ध होता. आता लक्षावधी लोक आपल्या बाजूचे झाले आहेत, त्यांच्यात मिसळून काम करावे.

फिलिप्स उभे राहिले आणि त्यांनी विरोध केला. पहिला मुद्दा वकिली होता, पण खरा होता: तेरावी घटनादुरुस्ती अजून पुरेशा संस्थानांनी संमत केलेली नव्हती, केंटकी आणि डेलावेअर या संस्थानांत तर कायद्याने गुलामगिरी अद्याप जिवंत होती. परंतु मुख्य मुद्दा निराळाच होता. ज्याला मत नाही, तो मालकाच्या दयेवर जगणार. आणि दयेवर जगणाऱ्याला मुक्त म्हणावे कसे? फ्रेडरिक डग्लस यांनी त्यांना दुजोरा दिला. डग्लस हे स्वतः गुलामगिरीत जन्मलेले, पळून आलेले, स्वतःच्या बळावर विद्या मिळवलेले. पंधरा वर्षांपूर्वी घटनेच्या अर्थावरून त्यांचे आणि गॅरिसन यांचे कडाक्याचे बिनसले होते. मेरिलंडच्या मळ्यात राबलेला हा माणूस सांगत होता की कृष्णवर्णीयाच्या हाती मतपत्रिका पडेपर्यंत गुलामगिरी मेली असे समजू नका. हा साप कात टाकून दुसऱ्या रूपाने बाहेर येईल. मते मोजली गेली तेव्हा बरखास्तीच्या बाजूने ४८ आणि विरुद्ध ११८ पडली. गॅरिसन यांनी अध्यक्षपद पुन्हा स्वीकारण्यास नकार दिला. फिलिप्स अध्यक्ष झाले.

हा तडा त्या एका दिवसात पडला नव्हता. १८६४ च्या निवडणुकीत गॅरिसन लिंकन यांच्या पाठीशी उभे राहिले होते, तर फिलिप्स यांना लिंकन फार सावकाश चालणारे वाटत. लुइझियानात सेनापती बँक्स यांनी मुक्त झालेल्या मजुरांना वर्षभराच्या करारांनी मळ्यांवर बांधून ठेवले, त्या व्यवस्थेत गॅरिसन यांना शिस्तबद्ध संक्रमण दिसे आणि फिलिप्स यांना जुनेच दास्य दिसे. म्हणजे युद्ध चालू असतानाच ‘स्वातंत्र्य’ या एका शब्दाचे दोघांनी दोन अर्थ केले होते. शत्रू समोर होता तोवर तो भेद झाकलेला राहिला, इतकेच.

गॅरिसन यांनी डिसेंबरात ‘लिबरेटर’ही थांबवले. तेरावी दुरुस्ती ६ डिसेंबर १८६५ रोजी पुरेशा संस्थानांची संमती मिळून कायम झाली, १८ तारखेला तशी घोषणा झाली, आणि २९ डिसेंबरचा अंक शेवटचा ठरला. अखेरचा मजकूर त्यांनी स्वतः खिळे जुळवून छापला. पस्तीस वर्षे आठवड्यामागून आठवडा चाललेले पत्र आपल्या हाताने असे मिटवणारा संपादक विरळा. पत्र चालवण्याचे वेड ज्यांना लागलेले आहे त्यांनाच त्यातील कठीणपणा कळेल.

पण त्याच महिन्यांत दक्षिणेत काय चालले होते? नोव्हेंबरात मिसिसिपीने आणि डिसेंबरात साउथ कॅरोलायनाने नवे कायदे केले. वर्षारंभी नोकरीचा करार दाखवता आला नाही, तर भटका म्हणून पकडावे. दंड भरता आला नाही, तर दंड भरील त्याच्याकडे मजुरीला लावावे. बेडीच्या जागी कागद आला. सेनापती शर्मन यांनी जानेवारीत समुद्रकाठची सुमारे ४ लक्ष एकर जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस चाळीस एकरांच्या तुकड्यांनी देण्याचा हुकूम काढला होता. लिंकन यांच्या जागी आलेले अध्यक्ष जॉन्सन यांनी वर्ष संपण्याच्या आतच त्या जमिनी जुन्या मालकांना परत देण्यास सुरुवात केली. हे पाहिले म्हणजे मे महिन्यातील वादात फिलिप्स आणि डग्लस यांचीच बाजू खरी होती, असे म्हणावे लागते. गॅरिसन यांचा दोष अंतःकरणाचा नव्हता; कायद्यात शब्द आला की वस्तू आली, असे त्यांनी मानले.

यानंतरचे प्रकरण पैशाचे आहे आणि देवस्थानांच्या विश्वस्तांना ते विशेष उद्बोधक वाटेल. फ्रान्सिस जॅक्सन नावाचे बोस्टनचे एक सधन गृहस्थ १८६१ मध्ये वारले. लोकमत जागृत करून गुलामगिरी नष्ट व्हावी यासाठी पुस्तके, वृत्तपत्रे, व्याख्याने यांवर खर्च करण्यास त्यांनी मृत्युपत्रात १०,००० डॉलर ठेवले होते; पळून आलेल्या गुलामांच्या साहाय्यासाठी आणखी २,००० होते; आणि स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीसाठी निराळी तरतूद होती. वारसांनी हरकत घेतली आणि खटला लांबला. तोवर गुलामगिरीच संपली. आता ज्याच्या नाशासाठी पैसा ठेवला, ते उरलेच नाही. मग पैसा कोणाचा?

विश्वस्तांत गॅरिसन आणि फिलिप्स दोघेही होते. गॅरिसन म्हणाले, रक्कम मुक्त लोकांना शाळा काढून देणाऱ्या संघाला द्यावी. फिलिप्स म्हणाले, मंडळाच्या ‘स्टँडर्ड’ या पत्रास द्यावी, म्हणजे मताधिकाराचा लढा चालेल. अन्नवस्त्र आणि पाटीपुस्तके वाटणाऱ्या मदतसंस्थांवर त्यांचा मुळातच राग होता. या लोकांचा घामाचा पैसा देश देणे लागतो, त्यांना याचक बनवू नका, असे ते म्हणत. एकाला विद्यादान हे कार्याचे उत्तरांग वाटत होते, दुसऱ्याला ती हक्काची फसवणूक वाटत होती. तीस वर्षांचे मित्र एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे राहिले.

मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायालयाने १८६७ मध्ये निकाल दिला. दात्याचा मूळ हेतू अक्षरशः पाळणे अशक्य झाले, तर निधी बुडू न देता त्या हेतूच्या जास्तीत जास्त जवळचे काम शोधून तेथे तो लावावा, या तत्त्वाने दास्यविरोधाचा पैसा मुक्त झालेल्यांच्या शिक्षणाकडे गेला आणि पळालेल्या गुलामांसाठीचा पैसा बोस्टनमधील गरजू आफ्रिकी वंशाच्या लोकांकडे. म्हणजे गॅरिसन जिंकले. आपल्याकडील धर्मादाय न्यासांच्या कायद्यातही हेच तत्त्व आहे, आणि या निकालाचा दाखला इंग्रजी परंपरेच्या कायद्याचे अभ्यासक अजूनही देतात. स्त्रियांच्या हक्कांसाठी ठेवलेला पैसा मात्र न्यायालयाने अवैध ठरवला. कारण असे की त्याचा उद्देश प्रचलित कायदे बदलणे हा होता, आणि कायदे बदलण्याचा खटाटोप म्हणजे धर्मादाय नव्हे! गुलामगिरीचे कायदे मोडण्यासाठीचा पैसा पुण्यकर्मात बसला, स्त्रियांचा बसला नाही. या भेदाचे न्यायमूर्तींनी केलेले समर्थन मला तरी पटलेले नाही.

हा निकाल म्हणजे पुढच्या, याहून कडू वादाची जणू सूचनाच होती.

एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी या दोन बायांनी युद्धकाळात तेराव्या दुरुस्तीसाठी दारोदार फिरून जवळजवळ ४ लक्ष सह्या जमवल्या होत्या. युद्ध संपले की आपलाही प्रश्न हाती घेतला जाईल, अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. १८६५ च्या मे महिन्यातच फिलिप्स यांनी त्यांना सांगितले की एका वेळी एकच प्रश्न. ही घटका कृष्णवर्णीयांची आहे. १८६६ मध्ये दोन्ही मागण्या एकत्र चालवण्यासाठी समान हक्क संघ निघाला, परंतु त्याच वर्षी काँग्रेसने चौदावी दुरुस्ती मांडली आणि मतदारांच्या संदर्भात ‘पुरुष’ हा शब्द राज्यघटनेत प्रथमच घातला. तोपर्यंत निदान घटनेच्या अक्षरांत तरी स्त्रीला बंदी नव्हती. स्टँटनबाईंना तो शब्द दार लावून घेतल्यासारखा वाटला आणि त्यात नवल नाही.

१८६७ मध्ये कान्सस संस्थानात कृष्णवर्णीयांच्या आणि स्त्रियांच्या मताधिकाराचे दोन वेगवेगळे ठराव लोकांपुढे ठेवले गेले. दोन्ही पडले. त्या प्रचारात स्टँटन आणि अँथनी यांनी जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन नावाच्या एका चमत्कारिक धनिकाचे साहाय्य घेतले. हा गृहस्थ कृष्णवर्णीयांची उघड टवाळी करी. त्याच्याच पैशावर जानेवारी १८६८ मध्ये त्यांचे ‘रेव्होल्यूशन’ पत्र निघाले. त्या पत्रातून स्टँटनबाईंनी जे लिहिले, ते आज वाचताना लाज वाटते. अक्षरशत्रू कृष्णवर्णीय, आयरिश, जर्मन आणि चिनी पुरुष सुशिक्षित स्त्रियांसाठी कायदे करणार काय, असा त्यांचा सवाल होता आणि या लोकांना त्यांनी तुच्छतादर्शक नावांनी संबोधिले होते. अपमानाने माणूस जागा होतो तसा कधी कधी क्षुद्रही होतो.

१८६९ च्या फेब्रुवारीत काँग्रेसने पंधरावी दुरुस्ती मंजूर करून संस्थानांकडे पाठवली. वंश, वर्ण किंवा पूर्वीचे दास्य या कारणांवरून कोणाचे मत हिरावता येणार नाही, असे तीत होते. स्त्रीपुरुषभेदाचा उल्लेख नव्हता. मे महिन्यात न्यूयॉर्कच्या स्टाइनवे सभागृहात समान हक्क संघाची बैठक भरली. तेथील भाषणे अजूनही वाचण्यासारखी आहेत. डग्लस म्हणाले की स्त्रियांना केवळ त्या स्त्रिया आहेत म्हणून घरांतून ओढून काढून दिव्याच्या खांबांना लटकवतील, त्यांची मुले हिसकावून दगडी फरसबंदीवर आपटतील, तेव्हा त्यांनाही मताची तेवढीच निकड असेल. श्रोत्यांतून प्रश्न आला, कृष्णवर्णीय स्त्रीच्या बाबतीत हे सारे घडत नाही काय? घडते, डग्लस उत्तरले, पण ती स्त्री आहे म्हणून नव्हे, ती कृष्णवर्णीय आहे म्हणून.

उत्तर बिनतोड होते, पण प्रश्न त्याने मिटला नाही. गुलामगिरीत जन्मलेल्या सोजर्नर ट्रूथ या वृद्धेने दोन वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते की पुरुषांना हक्क मिळाले आणि बायकांना मिळाले नाहीत, तर हे पुरुष बायकांचे नवे धनी होतील. फ्रान्सिस हार्पर या विदुषी स्वतः कृष्णवर्णीय. गोऱ्या स्त्रिया हक्कांविषयी बोलतात, मला अन्यायांविषयी बोलावे लागते, असे त्यांनी १८६६ मध्ये सुनावले होते. ट्राममधून हाकलून दिले जाण्याचा अनुभव त्यांच्या गाठी होता. आता त्यांनी असे मत दिले की राष्ट्राला एकच प्रश्न पेलत असेल, तर आपल्या समाजाच्या पुरुषांच्या वाटेत त्या काडीही आडवी टाकणार नाहीत. उलट फिलाडेल्फियाचे रॉबर्ट पर्विस, तेही कृष्णवर्णीय, म्हणत की माझ्या मुलीला मत नसेल, तर मुलालाही नको. म्हणजे या वादात एका बाजूला सारे एका वर्णाचे आणि दुसऱ्या बाजूला सारे दुसऱ्या वर्णाचे, असे मुळीच नव्हते. लूसी स्टोन यांनी दोन्ही दुःखे सारखीच मोठी मानली आणि त्या भयंकर गर्तेतून कोणीही एक वर आला तरी मला धन्यता वाटेल, असे म्हणून दुरुस्तीला पाठिंबा दिला. त्या सभेतील सर्वांत शहाणे वाक्य मला हेच वाटते.

संघ मोडला. त्याच महिन्यात स्टँटन आणि अँथनी यांनी आपली राष्ट्रीय संघटना काढली, नोव्हेंबरात क्लीव्हलंडला लूसी स्टोन यांची दुसरी निघाली. त्या एकत्र यायला १८९० साल उजाडले. स्त्रियांना घटनेने मताधिकार मिळाला तो १९२० मध्ये. तोवर या सभेत बोललेल्या या सर्व बाया निवर्तल्या होत्या.

आता पुन्हा फिलिप्स यांच्याकडे वळू, कारण येथे इतिहासाने एक विचित्र सूड उगवला आहे. पंधराव्या दुरुस्तीचा मजकूर ठरत असताना सिनेटर हेन्री विल्सन यांनी अधिक व्यापक शब्दयोजना पुढे आणली होती. वंश आणि वर्ण यांबरोबर मालमत्ता, शिक्षण आणि धर्म यांवरूनही मत नाकारता येऊ नये, असे तिच्यात होते. काँग्रेसची दोन सभागृहे या घोळात अडकली असताना फिलिप्स यांनी ‘स्टँडर्ड’मधून आपल्याच जहाल मित्रांना विनवले की थोडे व्यवहारी व्हा, सुधारक थोडे कमी व्हा, मिळते तेवढे पदरात पाडून घ्या. चार वर्षांपूर्वी गॅरिसन यांना अर्ध्यावर थांबू नका म्हणून बजावणारे ते हेच फिलिप्स. अरुंद मजकूर मंजूर झाला. जमिनीची मागणी ते करीत राहिले, पण थॅडियस स्टीव्हन्स यांच्यासारखा तिचा समर्थ पुरस्कर्ता १८६८ मध्येच गेला होता. पंधरावी दुरुस्ती १८७० च्या फेब्रुवारीत कायम झाली आणि ९ एप्रिल रोजी फिलिप्स यांच्याच अध्यक्षतेखाली अमेरिकन दास्यविरोधक मंडळ विसर्जित झाले. गॅरिसन यांनी जी रेघ कायद्याच्या अक्षरावर ओढली, ती फिलिप्स यांनी मतपत्रिकेवर ओढली. रेघ पुढे सरकली होती. रेघेपलीकडे उरलेले काम तसेच होते.

आपल्याकडे सन १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवण्यासाठी निःस्वार्थीपणे झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी ते अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. मंडळ विसर्जित होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. ज्यांना ते पुस्तक अर्पण झाले, त्यांच्यातील कित्येक जण तेव्हा एकमेकांशी बोलतही नव्हते. त्याने अर्पणपत्रिकेचे मोल कमी होत नाही. दुरून पर्वताचे शिखर दिसते, वाटेवरचे काटे चालणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय जोतीरावांनी पुस्तकाबरोबर त्याच वर्षी सत्यशोधक समाजही काढला. लिहून ते थांबले नाहीत.

१८७० नंतरचे दक्षिणेचे वर्तमान थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वपरिचित आहे. गुप्त टोळ्यांनी मतदारांना मारझोड आणि खून करून घरी बसवले. १८७५ च्या जानेवारीत लुइझियानात सैन्य वापरल्याबद्दल सरकारचा निषेध करण्यासाठी बोस्टनच्या प्रसिद्ध फॅन्युइल सभागृहात सभा भरली. वृद्ध फिलिप्स सरकारच्या बाजूने बोलण्यास उठले, तेव्हा ज्या सभागृहात त्यांचे पहिले मोठे भाषण गाजले होते त्याच जागी लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. १८७७ मध्ये शेवटच्या दोन संस्थानांच्या राजभवनांपुढून सैनिक मागे घेण्यात आले. गॅरिसन यांनी त्याचा कडक निषेध केला. त्या म्हाताऱ्याला आता कळले होते की कबरीतला कॅल्हून पुरता मेलेला नाही. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी घटना करून मतदारावर कर आणि वाचनाची परीक्षा बसवली. वंशाचा शब्दही त्यात नव्हता. विल्सन यांच्या टाकून दिलेल्या मजकुराने जे दार बंद झाले असते, नेमक्या त्याच दारातून हे आत आले. सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये त्याला मान्यता दिली. ते दार पुरते बंद करायला १९६५ चा कायदा यावा लागला.

गॅरिसन २४ मे १८७९ रोजी वारले. अंत्यविधीच्या वेळी मुख्य भाषण कोणी करावे, याविषयी मतभेद झालेला दिसत नाही. वेंडेल फिलिप्स बोलले, आणि मंडळाचा वाद किंवा जॅक्सन यांचा पैसा यांचा त्यांनी उल्लेख केला नाही. 

डग्लस यांचा शेवट याहूनही निराळा. २० फेब्रुवारी १८९५ रोजी वॉशिंग्टन येथे स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेच्या सभेला ते गेले. सुझन अँथनी तेथे होत्या. सत्तरी ओलांडलेल्या त्या वृद्धाला मानाने व्यासपीठावर बसवण्यात आले. स्टाइनवे सभागृहातील त्या दुपारीला तेव्हा सव्वीस वर्षे होत आली होती. सभेहून ते घरी परतले आणि संध्याकाळी तिथली हकिकत पत्नीला सांगता सांगता कोसळले. त्यांच्या अंत्यविधीला अँथनीबाई गेल्या. आपल्याबरोबर त्यांनी स्टँटनबाईंचे एक पत्र नेले होते. ते त्यांनी तेथे वाचून दाखवले.